मोडलेला कान आणि पुढे आलेला कान

कृष्णेच्या काठी वाईला ढोल्या गणपतीची भव्य मूर्ती आहे. तीच नदी सातारा जिल्हा ओलांडून सांगलीस पोचते, तेव्हा तेथेही पटवर्धन संस्थानिकांनी बांधलेले गणपतीचे देऊळ तिच्या काठाजवळ उभे असते. शूर्पकर्ण हे या दैवताचे एक नाव. शूर्प म्हणजे सूप. सूप जसे फोल पाखडून टाकते आणि दाणा राखते, तसे हे कान ऐकलेल्यातले सार तेवढे ठेवतात, असा या नावाचा अर्थ कीर्तनकार लावतात. अर्थ सुंदर आहे आणि श्रोत्यांना तो पटतोही. मात्र त्याच श्रोत्यांची मुले दुसऱ्या दिवशी शाळेत जातात आणि ज्याचे कान थोडे पुढे आलेले आहेत, अशा वर्गमित्राला नेमके सुपाच्या नावाने चिडवतात.

याच नदीच्या खोऱ्यात दुसऱ्या एका कानाची कथा वेगळी आहे. सातारा आणि सांगली हे कुस्तीचे जिल्हे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले पदक देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. या मुलखात तालमीत वाढलेल्या पैलवानाचा कान बहुधा शाबूत राहत नाही. लाल मातीत आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर वर्षानुवर्षे घासला गेल्याने तो सुजतो, आत रक्त साकळते आणि शेवटी कडक गोळ्यासारखा होतो. याला ‘कान मोडणे’ म्हणतात. जत्रेच्या फडात अनोळखी माणसाचा मोडलेला कान दिसला, की शेजारचा म्हातारा सरकून त्याला जागा देतो. तो कान म्हणजे कष्टाचे प्रशस्तिपत्रक मानले जाते.

एक कान आकार बिघडल्यामुळे मान मिळवतो; दुसरा कान जन्मतः थोडा वेगळा असल्यामुळे टिंगलीचा विषय होतो. दोन्ही कानांना ऐकू सारखेच येते. फरक पडतो तो पाहणाऱ्यांच्या नजरेत. वस्तूचे मूल्य वस्तूत दडलेले नसते, ते घेणाऱ्यांच्या पसंतीवर ठरते, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातला धडा माणसाच्या कानालाही लागू पडावा, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. नवे आहे ते एवढेच, की हा आकार बदलून देणारी शस्त्रक्रिया आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. ती जिल्ह्याच्या गावातील शिक्षक आणि कारकून कुटुंबांच्या विचारकक्षेत आली आहे. तेव्हा अशा कुटुंबाने हा विचार कसा करावा, त्यात खर्च कोणता आणि प्राप्ती कोणती, आणि मुख्य म्हणजे निर्णय कोणी घ्यावा, हे प्रश्न गंभीरपणे घ्यावयास हवेत.

कान टोचणारा समाज

पहिला आक्षेप ठरलेला असतो. निसर्गाने दिलेले रूप माणसाने बदलू नये, असे घरातले वडीलधारे म्हणतात. हा आक्षेप डोळ्यांविषयी किंवा हनुवटीविषयी घेतला, तर निदान सुसंगत तरी ठरेल. कानाविषयी तो टिकत नाही. कर्णवेध हा आपल्याकडे संस्कार मानला गेला आहे. पाळण्यातल्या मुलाला सोनारापुढे धरून कान टोचून घेताना निसर्गाच्या इच्छेचा प्रश्न कोणी काढत नाही. बुगडीसाठी कानाच्या वरच्या कडेला आणि कुडीसाठी पाळीला छिद्र पाडले जाते. पेशवाईतल्या पुरुषांच्या कानातली भिकबाळी आज लग्नाच्या पोशाखात पुन्हा दिसू लागली आहे. शरीराचा एखादा भाग समाजाने उघडपणे आणि उत्सवाने बदलावयाचा ठरवला असेल, तर तो कानच होय.

किंबहुना कान टोचण्याच्या या चालीतूनच शस्त्रक्रियेच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण निघाले. छिद्र वाढवता वाढवता पाळी फाटत असे. सुश्रुतसंहितेत कान टोचण्याच्या विधीपाठोपाठ फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार सांगितले आहेत, आणि गालाची त्वचा वापरून पाळी घडवण्याची युक्तीही त्यात आहे. ही विद्या पुढे कारागिरांच्या हातांत टिकून राहिली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. ते नाक पुण्यात एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवले. त्याची सचित्र हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातल्या शस्त्रवैद्यांचे लक्ष तिने वेधून घेतले. पाश्चात्त्यांचे हे खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी निदान एवढा इतिहास ध्यानात ठेवावा.

पुढे आलेले कान केवळ दिसण्यासाठी मागे बसवण्याची शस्त्रक्रिया मात्र अलीकडची. १८८१ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर एडवर्ड एली यांनी अशा एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलाला शाळेतली पोरे चिडवत असत. म्हणजे शस्त्रक्रियेचे हे दालन उघडले तेच मुळी शाळेच्या अंगणातल्या टिंगलीमुळे.

तीन कान, तीन गरजा

एकाच नावाखाली येणाऱ्या तीन गोष्टी प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिला कान जन्मतः पुढे आलेला. कानाचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे मऊ लवचिक हाडाचा, असतो. त्याच्या वरच्या भागात एक आतली घडी असते. ती नीट पडली नाही, किंवा मधली वाटी खोल व मोठी झाली, तर कान डोक्यापासून दूर उभा राहतो. यात रोग काही नसतो आणि ऐकण्यावर परिणाम होत नाही. बहुतेकांच्या कानाची कड डोक्यापासून सुमारे दोन सेंटिमीटरच्या आत असते. अशा कानाची त्याहून दूर असते. दोन बोटांच्या रुंदीएवढाही नसलेला हा फरक एखाद्याच्या आयुष्याची काही वर्षे व्यापून टाकू शकतो.

दुसरा कान फाटलेल्या पाळीचा. जड झुबे, वेल, कुड्या यांच्या वजनाने पाळीचे छिद्र हळूहळू लांबत जाते आणि एखाद्या दिवशी पाळी खालपर्यंत चिरते. कधी कडेवरचे मूल डूल ओढते, कधी गर्दीत चोर हिसका मारतो. शेतात राबणाऱ्या बाईपासून बँकेतल्या कर्मचारी महिलेपर्यंत हा प्रकार सर्वत्र आढळतो. बायका पदर ओढून तो झाकतात आणि ‘आता या वयात काय करायचे’ म्हणून सोडून देतात.

तिसरा कान पैलवानाचा. कूर्चेला रक्ताचे पोषण तिच्यावरच्या पातळ आवरणातून मिळते. घासण्याने ते आवरण सुटून मध्ये रक्त साचले, की कूर्चा उपाशी पडते आणि तिच्या जागी वेडेवाकडे कडक ऊतक वाढते. रक्त साचल्यावर लवकर, शक्य तो पहिल्या काही दिवसांत, डॉक्टरकडून ते काढून घेऊन वर दाब दिला, तर आकार वाचू शकतो. एकदा गोळा घट्ट झाला, की तो कोरून पूर्वीचा कान परत मिळवणे अवघड असते. शिवाय पैलवान पुन्हा आखाड्यात उतरला, तर केलेले काम वाया जाण्याचा संभव राहतो. म्हणून कुस्ती सोडेपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

पहिल्या कानाविषयी एक गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक असते. नवजात बालकाची कूर्चा पहिल्या काही आठवड्यांत अत्यंत मऊ असते. त्या काळात तज्ज्ञाने योग्य साचा बसवून कान काही आठवडे धरून ठेवला, तर सुरीवाचून आकार सुधारण्याची चांगली शक्यता असते. हे जन्मानंतर जितके लवकर सुरू होईल तितके बरे. दोन-तीन महिन्यांनी कूर्चा घट्ट झाल्यावर संधी निघून जाते. पुढे शाळकरी वयात रात्री कानाला पट्टी चिकटवून काही साधत नाही. बारशाला जमलेल्या मंडळींनी बाळाचे कान कोणावर गेले याची चर्चा करण्याऐवजी बालरोगतज्ज्ञाला एक प्रश्न विचारला, तर पुढचे बरेच काही टळू शकेल.

शस्त्रक्रिया आणि नंतरचे दिवस

पाच-सहा वर्षांच्या वयात कान बराचसा पूर्ण वाढलेला असतो. म्हणून शस्त्रक्रिया साधारणपणे त्यानंतर करतात. वरची वयोमर्यादा नाही. लहान मुलांना संपूर्ण भूल द्यावी लागते. मोठ्यांचे काम बहुधा कानाभोवतीचा भाग बधिर करून होते. छेद कानाच्या मागच्या बाजूस घेतात. कूर्चेत कायमचे टाके घालून हरवलेली घडी पाडतात, किंवा वाटी मागे ओढून हाडाच्या आवरणाशी शिवतात. कधी थोडी कूर्चा काढतात. दोन्ही कानांना मिळून एक ते दोन तास लागतात आणि पुष्कळदा त्याच दिवशी घरी जाता येते. ‘लहानसे ऑपरेशन’ हे वर्णन येथपर्यंत खरे आहे. खरी परीक्षा त्यानंतरच्या सहा आठवड्यांची असते.

डोक्याभोवती जाड पट्टी बांधलेली असते. ती डॉक्टरांच्या पद्धतीनुसार एक-दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत राहते. पहिले दोन-तीन दिवस कान ठणकतात. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ते सोसण्याजोगे होते. उशी उंच घेऊन उताणे झोपावे लागते, आणि कुशीवर झोपण्याची सवय असलेल्यास हीच शिक्षा मोठी वाटते. विरघळणारे नसतील, तर टाके आठवड्या-दहा दिवसांनी काढतात. पट्टी सुटल्यावर दिसणारा कान सुजलेला, लाल-निळा आणि अपेक्षेपेक्षा जास्तच मागे चिकटलेला असतो. आरशापुढे त्या दिवशी अनेकांचा धीर सुटतो. सूज ओसरण्यास काही आठवडे आणि आकार स्थिरावण्यास काही महिने लागतात, हे आधी सांगितले गेले असेल, तरच तो दिवस निभावतो. कानाचा बधिरपणाही काही आठवडे, क्वचित महिने, राहतो.

पट्टी गेल्यावर चार ते सहा आठवडे रात्री झोपताना कानांवरून मऊ पट्टा बांधावयाचा असतो. झोपेत कान पुढे दुमडला गेला, तर आतले टाके तुटतात. बैठे काम किंवा शाळा आठवड्याभराने सुरू करता येते. कुस्ती, कबड्डी, पोहणे यांना सहा आठवडे किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस सुट्टी. डोक्यावरून ओढून घालावयाचे कपडे टाळून पुढे गुंड्यांचा सदरा घालावा. चष्म्याच्या काड्या नेमक्या जखमेवर टेकतात; विद्यार्थी आणि कारकून यांच्यापैकी बऱ्याच जणांना हा त्रास होणार, म्हणून काड्यांची सोय आधीच विचारून ठेवावी. हेल्मेटचेही तसेच. ते ओढून घालताना कान दुमडतो. म्हणून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत दुचाकी घरी ठेवून एस.टी.ने जावे, हेल्मेट काढून गाडी चालवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

मोसमाचा विचारही करावा. शाळेला दीर्घ सुट्टी म्हणून मे महिना अनेकांना सोयीचा वाटतो. पण सांगलीच्या उन्हाळ्यात डोक्याभोवतीच्या पट्टीखाली घाम आणि खाज असह्य होते. दिवाळीची सुट्टी लहान असली, तरी हवा साथ देते. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात, आणि कित्येक घरांना मुहूर्ताआधी दोन आठवडे कान ‘उरकून’ घ्यावयाचा असतो. तसे केल्यास लग्नाच्या छायाचित्रांत सुजलेला कान येईल. मध्ये निदान काही महिन्यांचे अंतर हवे.

धोके मोजके असले, तरी खरे आहेत. दोन्हीपैकी एका कानात वेदना वाढतच गेली, तर आत रक्त साकळत असण्याची शक्यता असते. तेव्हा त्याच दिवशी पट्टी उघडून पाहिली पाहिजे. सकाळपर्यंत थांबू नये. ताप, पू, वाढती लाली ही जंतुसंसर्गाची चिन्हे. तो कूर्चेत शिरला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. जत, आटपाडी, माण, खटाव अशा तालुक्यांतून येणाऱ्यांनी म्हणूनच पहिले दोन-तीन दिवस रुग्णालयाच्या गावी नातेवाइकाकडे राहावे. काही कानांत टाके सैल पडून कान पुन्हा थोडा पुढे येतो आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते. दोन्ही कान तंतोतंत सारखे होत नाहीत. निसर्गातही ते तसे नसतात. काहींच्या त्वचेत जखमेचा व्रण फुगून वाढत जातो. सावळ्या त्वचेत हा ‘कीलॉइड’ अधिक आढळतो, आणि कान टोचल्यावर पाळीवर गाठ आली असेल, तर तो इशाराच होय. ही गोष्ट डॉक्टरांना न विचारता सांगावी. तंबाखू, मग ती ओढण्याची असो वा चघळण्याची, जखम भरण्यास विलंब लावते.

त्या मानाने फाटलेल्या पाळीची दुरुस्ती साधी आहे. पाळी बधिर करून चिरेच्या कडा ताज्या करतात आणि शिवतात. काम थोड्या वेळात होते आणि आठवड्याभरात टाके निघतात. पुन्हा टोचण्यास सहा आठवडे ते तीन महिने थांबावे लागते आणि नवे छिद्र जुन्या व्रणाच्या रेषेवर घेत नाहीत. मात्र नंतर पूर्वीचेच जड झुबे घातले, तर पूर्वीचीच गत होईल.

हिशेबाची दुसरी बाजू

कुटुंब खर्चाचा विचार करते तेव्हा डॉक्टरांच्या फीचा आकडा समोर ठेवते. अर्थशास्त्रात ज्याला संधी-परिव्यय म्हणतात, तो, म्हणजे एक गोष्ट निवडताना ज्या दुसऱ्या गोष्टी सोडाव्या लागतात त्यांची किंमत, या हिशेबात क्वचितच धरला जातो. मुलाबरोबर आईने काढलेली रजा, बुडालेली शिकवणी, चुकलेली क्रीडास्पर्धा, तपासणीसाठीच्या खेपा आणि कदाचित दुसरी शस्त्रक्रिया, हे सारे खर्चच आहेत. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला पाळी शिवून घेणे परवडत नाही, ते पुष्कळदा फीमुळे नव्हे, तर बुडणाऱ्या मजुरीमुळे.

त्यात शासन आणि विमा कंपन्या यांच्या फूटपट्ट्या निरनिराळ्या आहेत. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा आरोग्यसेवा करमुक्त ठेवण्यात आल्या. पण सौंदर्यशस्त्रक्रियांना ही सवलत दिली गेली नाही. अपवाद केला तो जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना वा कार्य पूर्ववत करण्याचा. आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींत मात्र रूप बदलणारे उपचार वगळलेले आहेत आणि सवलत आहे ती अपघात, भाजणे व कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला, किंवा प्रकृतीचा थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असेल तेव्हा.

याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. जन्मतः पुढे आलेला कान करखात्याच्या व्याख्येत ‘जन्मजात दोष’ म्हणून बसेल असा युक्तिवाद करता येतो. विम्याच्या व्याख्येत तो बसत नाही. चोराच्या हिसक्याने एका क्षणात फाटलेली पाळी अपघात ठरू शकते. वीस वर्षे झुब्याचे वजन सोसून फाटलेली पाळी ठरणार नाही. पैलवानाचा कान तर हजार लहान लहान आघातांनी मोडलेला असतो. तो कोणत्या रकान्यात घालावयाचा? दोष कोठे संपतो आणि हौस कोठे सुरू होते, ही रेषा शरीरावर आखलेली नाही. ती कागदावर आखलेली आहे, आणि दोन कागदांवर दोन ठिकाणी आहे. अशा वेळी डॉक्टरांकडून सोयीचे कारण लिहून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. खोट्या कारणाने दावा नाकारला जातो, आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हाही त्या घरावर संशय राहतो. आपल्या पॉलिसीत काय बसते, हे आधी लेखी विचारून घेणे हाच मार्ग.

डॉक्टर निवडतानाही हाच व्यावहारिकपणा हवा. या भागाला वैद्यकाची परंपरा जुनी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे केले आणि १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. चांगल्या सल्ल्यासाठी दूर जावेच लागेल असे नाही. पण दारावरच्या पाटीवर ‘सौंदर्यतज्ज्ञ’ एवढेच लिहिलेले असेल, तर पुढचे प्रश्न विचारले पाहिजेत. प्लॅस्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे काय? कान-नाक-घसा तज्ज्ञ असल्यास या विशिष्ट कामाचा अनुभव किती? रात्री एका कानात वेदना वाढल्या, तर कोण भेटेल? दुसऱ्यांदा करावे लागले, तर खर्च कोणाचा? या प्रश्नांनी चिडणारा डॉक्टर टाळलेला बरा.

निर्णय कोणाचा

एवढे सारे जाणून घेतल्यावरही मूळ प्रश्न उरतोच. कान दुरुस्त करून हवा आहे तो कोणाला?

उत्तर नेहमी सोपे नसते. आठ वर्षांचा मुलगा कानाविषयी बेफिकीर असतो आणि आईला मात्र प्रत्येक छायाचित्रात ते कानच दिसतात. बावीस वर्षांची मुलगी केस मागे बांधून महाविद्यालयात मजेत वावरत असते. स्थळे पाहावयास सुरुवात झाली, की मावशी, आत्या आणि मध्यस्थ यांना तिच्या कानांचा शोध लागतो. वधूपरीक्षेच्या बाजारात हुंड्याच्या जोडीला आता शस्त्रक्रियेचीही भर पडावी, ही गोष्ट या जिल्ह्यांना शोभणारी नाही. सत्यशोधकी विचारांनी आणि रयत शिक्षण संस्थेच्या शाळांनी घडलेल्या साताऱ्याने तरी मुलीचे माप तिच्या कानांवरून घेऊ नये.

पण याच्या उलट असलेले उदाहरणही तितकेच खरे आहे. तेरा वर्षांचा मुलगा उन्हाळ्यातही कानटोपी काढत नाही, न्हाव्याकडे जाण्यास नकार देतो, वर्गात मागच्या बाकावर बसतो आणि उत्तर येत असूनही हात वर करत नाही. त्याला ‘रूपात काय आहे, गुण महत्त्वाचे’ हे सुभाषित ऐकवणे म्हणजे त्याच्या दुःखाची चेष्टा करणे होय. समाजाची नजर सुधारली पाहिजे हे निर्विवाद. परंतु ती सुधारेपर्यंत या मुलाने आपले बालपण गहाण टाकावे, असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? तो स्वतः, न सांगता, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रियेची इच्छा बोलून दाखवत असेल आणि नंतरच्या सहा आठवड्यांचे बंधन त्याला समजले असेल, तर पालकांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे. ती चैन ठरत नाही.

म्हणून एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. मागणी कानाच्या मालकाकडून आली आहे काय? ती एखाद्या चिडवण्याच्या प्रसंगानंतरची आहे, की सहा महिन्यांनंतरही टिकून आहे? शस्त्रक्रियेने कान मागे जाईल एवढीच अपेक्षा आहे, की त्याने मित्र मिळतील, गुण वाढतील, लग्न जमेल, अशीही आशा तिला चिकटली आहे? पहिल्या दोन प्रश्नांना अनुकूल उत्तर आले आणि तिसऱ्याची अपेक्षा कानापुरतीच राहिली, तर पुढे जावे. नाहीतर थांबावे. थांबल्याने कानाचे काही बिघडत नाही; प्रौढपणीही ही शस्त्रक्रिया होते.

शिक्षकांचा वाटा येथे मोठा आहे, आणि त्याला पैसा पडत नाही. वर्गात टोपणनाव रूढ होते ते पहिल्या आठवड्यात. त्याच वेळी शिक्षकाने ते थांबवले, तर वर्षभराचा त्रास वाचतो. दुर्दैवाने कान पकडून उभे करणारा आणि त्या कानांवर विनोद करणारा शिक्षकही काही वर्गांत असतोच. पट्टी बांधून आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कोणत्या स्वरात हाक मारली जाते, यावर त्याचे पुढचे सहा आठवडे अवलंबून असतात. त्याला काही दिवस खेळाच्या तासातून मोकळे ठेवणे आणि त्याच्याकडे खूण करून हसणाऱ्यांना एकदाच पण स्पष्टपणे समज देणे, एवढे प्रत्येक शाळेला जमण्यासारखे आहे.

डॉक्टरांच्या खोलीत असे प्रसंग पुष्कळदा घडतात. डॉक्टर मुलीकडे पाहून विचारतात, ‘तुला स्वतःला काय वाटते?’ आणि उत्तर आई देते, किंवा वडील. मुलगी खाली पाहत असते. चांगला डॉक्टर त्या उत्तरावर कागद पुढे करत नाही. तो तोच प्रश्न तिला पुन्हा विचारतो. कायद्याला लहान मुलासाठी पालकांची सही पुरत असेल. पण पट्टी सुटेल त्या दिवशी आरशासमोर तीच उभी राहणार आहे. ती बोलेपर्यंत खोलीतल्या इतर सर्वांनी थांबले पाहिजे, मग तिचे उत्तर होकाराचे असो वा नकाराचे.